माळावरचे कांगारू

मेलबर्नमधल्या कुठल्याही मराठी घरात भारतातून कुणी आलं की जेट लॅग उतरायच्या आत प्रश्न येतोच, कांगारू कुठे दिसतील? मग आपण बहुतेकजण त्यांना एखाद्या वाइल्डलाइफ पार्कात नेतो. तिकीट काढायचं, खाऊची कागदी पिशवी घ्यायची, कांगारू येतात, हातावरचं खातात, फोटो काढायचे, ते फॅमिली ग्रुपवर टाकायचे, झालं. यात गैर काहीच नाही, लहान मुलं तर हरखून जातात. पण ज्यांच्या हातात एक अख्खा दिवस आहे त्यांनी तो मोकळ्या कांगारूंसाठी राखून ठेवावा असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि शक्य असेल तर एखाद्या जाणत्या गाइडबरोबर जावं. लांब जायला लागत नाही. शहरातून नैऋत्येला जिलाँगच्या दिशेने निघालात की तासाभरात यू यांग्सचे डोंगर येतात, त्यांच्या जवळच लारा गावाशेजारी सेरेंडिप सँक्च्युरी आहे, आणि या पट्ट्यात ईस्टर्न ग्रे कांगारू आपापले मोकळे राहतात. कुणाच्या मालकीचे नाहीत, कुणी त्यांना खायला घालत नाही.

माझे आई-बाबा मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये इथे होते तेव्हा आम्ही तिघं अशा डे टूरला गेलो. छोटी व्हॅन, मोजकीच माणसं, आणि गाइड एक पन्नाशीच्या बाई. डोक्यावर मळकी हॅट, गळ्यात दुर्बीण, बोलणं हळू. टूर स्वस्त नव्हती, बाबांनी डॉलरचे रुपये केले आणि जरा वेळ गप्प बसले. पण त्या दिवशी जे बघितलं आणि विशेषतः बाबांच्या तोंडून जे ऐकलं त्याबद्दल मला कधीचं लिहायचं होतं.

बाबा उत्तर सोलापूर तालुक्यातले, नान्नजच्या बाजूचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नान्नज म्हटलं की ज्यांना पक्ष्यांचं वेड आहे त्यांना लगेच माळढोक आठवेल. १९७९ साली तिथे माळढोकसाठी अभयारण्य झालं, पुढे त्याचं क्षेत्र खूप कमी केलं गेलं, आणि आता तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलंय. बाबांनी लहानपणी ते पक्षी शाळेत जाता-येता बघितलेत. काळवीट तर इतके की मोजायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. त्यामुळे व्हॅन फ्रीवे सोडून आत वळली आणि दोन्ही बाजूंना सपाट, पिवळट हिरवं, झाडं नसलेलं रान सुरू झालं तेव्हा बाकीचे सगळे डोंगर कुठाय म्हणून पुढे बघत होते आणि बाबा खिडकीतून खाली जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "अगं, हा तर आपल्याकडचाच दगड आहे."

शेताच्या कडेला काळ्या दगडांच्या रचलेल्या भिंती होत्या, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. गाइडबाईंना मी विचारलं तर त्या एकदम खुश झाल्या, कारण कांगारू बघायला आलेली माणसं दगडाबद्दल सहसा विचारत नाहीत. तो बेसॉल्टच. मेलबर्नच्या पश्चिमेपासून पार साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीकडे पसरलेलं हे लाव्हाचं पठार आहे, व्हिक्टोरियन व्होल्कॅनिक प्लेन म्हणतात. आपलं दख्खनचं पठार त्याच्यापेक्षा कितीतरी जुनं, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचं, आणि हे त्यामानाने कालपरवाचं, गेल्या काही दशलक्ष वर्षांतलं. पण दोन्हीकडे लाव्हा थंड होऊन काळा दगड झाला, त्यावर माती आली आणि पाऊस बेताचा असल्यामुळे झाडांऐवजी गवत वाढलं. यू यांग्स मात्र वेगळे, ते ग्रॅनाइटचे आहेत, पस्तीस-छत्तीस कोटी वर्षांपूर्वीचे, नंतरचा लाव्हा त्यांच्या भोवतीने पसरला म्हणून ते असे सपाटीतून एकदम वर आलेले दिसतात. १ मे १८०२ ला मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी त्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर चढला होता, त्याचंच नाव आता त्या शिखराला आहे. त्याच्या आधी हजारो वर्षं हा वाडावुरुंग या इथल्या आदिवासी लोकांचा मुलूख होता आणि आजही तो त्यांचाच मानला जातो. यू यांग्सच्या खडकांमध्ये पाणी साठायच्या खोलगट जागा आहेत, त्या त्यांनी वाढवून मोठ्या केल्या, उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून.

आधी सेरेंडिपला गेलो. तिथे प्रवेश फुकट आहे, हे मुद्दाम सांगते, कारण टूर परवडत नसेल तर स्वतःच्या गाडीने जाता येतं. सकाळचे अकरा वगैरे वाजले असतील. बहुतेकांना वाटतं कांगारू म्हणजे सारखे उड्या मारत असणार, पण या वेळेला ते झाडाखाली पडलेले असतात. खरंच नुसते पडलेले, एका कुशीवर, कोपर टेकवून, मागचे लांब पाय पसरून. झाडाच्या सावलीत जमीन उकरून ते उथळ खड्डे करतात आणि त्यात अंग टाकतात, खालची माती गार असते. उन्हाळ्यात चाळीस डिग्रीच्या दिवशी ते पुढच्या पायांना, म्हणजे हातांनाच म्हणू आपण, सारखी थुंकी लावत चाटत बसतात, कारण तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, थुंकी वाळली की रक्त गार होतं. आम्ही गेलो तेव्हा वारा बोचरा होता, आई स्वेटर, मफलर, कानटोपी अशा पूर्ण तयारीत, त्यामुळे चाटायचं काही दिसलं नाही, पण कान दिसले. कांगारूचे कान दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरतात. एक कान आमच्याकडे आणि दुसरा मागच्या रस्त्याकडे, आणि डोळे अर्धे मिटलेले.

इथेच गाइडबाईंनी जवळ कसं जायचं ते शिकवलं आणि माझ्या मते टूरचे पैसे वसूल झाले ते या शिकवण्यात. सरळ रेषेत चालायचं नाही. तिरकं चालायचं, मधे थांबायचं, दुसरीकडे बघायचं. आपण त्यांच्याकडे निघालोय असं त्यांना वाटता कामा नये. बोलायला हरकत नाही, पण एका पट्टीत. चालताना सगळं लक्ष त्यांच्या डोक्यांवर ठेवायचं. चरणाऱ्याने डोकं वर केलं तर तिथेच थांबायचं, त्याने परत खाली घातलं तर अजून थोडं चाललं तरी चालेल. पडलेला उठून बसला तर बास. दोन-तीन जण ताठ उभे राहिले तर आपण आधीच जास्त जवळ आलोय, मुकाट्याने मागे व्हायचं. आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीही जायचं नाही. मोठा नर खोकल्यासारखा आवाज करायला लागला तर खाली वाकून, त्याच्याकडे न बघता, हळूहळू लांब जायचं. त्या म्हणाल्या, "माझं काम तुम्हाला त्यांच्याजवळ नेण्याचं नाहीये. आपण आलो नसतो तर ते जे करत बसले असते तेच करत राहिले पाहिजेत, आणि ते तुम्हाला दिसलं पाहिजे."

मला हे फार पटलं. प्राण्याने माझ्याकडे लक्ष द्यावं, माझ्याजवळ यावं, माझ्याबरोबर फोटोत यावं, ही अपेक्षाच काढून टाकली की मग दिसायला लागतं किती काय काय. एक मादी दुसरीचं मानेमागचं अंग साफ करत होती. एक तरुण नर उगाच मोठ्या नरासमोर जाऊन छाती खाजवून दाखवत होता, मोठ्याने ढुंकून बघितलं नाही. आणि चालणं! कांगारू हळू चालतो तेव्हा उडी मारत नाही, तो पुढचे दोन हात जमिनीवर टेकतो, शेपटी मागून खाली रोवतो, आणि या तिघांवर भार देऊन मागचे दोन्ही पाय एकदम पुढे आणतो. म्हणजे शेपटी हा पाचवा पायच. २०१४ मध्ये लाल कांगारूंवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात मोजून बघितलं होतं की या चालीत शरीर पुढे ढकलायला शेपटी जितका जोर लावते तो पुढच्या आणि मागच्या पायांच्या एकत्र जोराइतका असतो. हे मी आधी कुठेतरी वाचलेलं होतं, पण समोर ती शेपटी मातीत दाबली जाताना आणि तिच्यातला स्नायू ताणलेला बघताना मला वाचलेलं पहिल्यांदा समजलं.

आईला मात्र दुसरीच गोष्ट सापडली. ती बराच वेळ एका मादीकडे बघत होती आणि मग मला म्हणाली, "ती डावरी आहे का गं?" मी गाइडबाईंना विचारलं. हो, कांगारू बहुतेक डावखुरेच असतात. २०१५ मध्ये रशियन आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हे दाखवून दिलं, ईस्टर्न ग्रे आणि लाल कांगारू गवताची काडी तोंडाकडे न्यायला, तोंड पुसायला बहुतेक वेळा डावाच हात वापरतात. आई स्वतः डावरी. लहानपणी डाव्या हाताने जेवली म्हणून तिने मार खाल्लेला आहे, पाटीवर डाव्या हाताने लिहिलं म्हणून खाल्लेला आहे, आणि शेवटी उजव्याने लिहायला शिकली. ती काही बोलली नाही, पण नंतर दिवसभर ती प्रत्येक कांगारूचा हात बघत होती आणि प्रत्येक वेळी मला कोपराने ढोसून सांगत होती, हा पण बघ.

सेरेंडिपमध्ये पक्षीही आहेत. १९५९ साली सरकारने ही जागा मुळात पाणथळ आणि माळावरच्या पक्ष्यांसाठीच घेतली, ब्रोल्गा नावाचे मोठे करड्या रंगाचे क्रौंच, मॅगपाय गूज, आणि बस्टर्ड यांची पैदास करण्यासाठी. बस्टर्डच्या कुंपणापाशी बाबा थांबले. ऑस्ट्रेलियन बस्टर्ड हा आपल्या माळढोकचा अगदी सख्खा, एकाच कुळातला, तोच ताठ मान वर करून चालायचा रुबाब, तीच डोक्यावरची काळी टोपी. व्हिक्टोरियाच्या या माळांवर तो पूर्वी भरपूर होता आणि आता मोकळा जवळजवळ दिसतच नाही. बाबांनी कुंपणाला हात लावून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "आमच्याकडे उरलेच नाहीत गं. इथे निदान ठेवलेत." मी त्यांना घाई केली नाही. व्हॅनमधली इतर माणसंही थांबली, कुणी काही विचारलं नाही.

जेवण यू यांग्सच्या पायथ्याशी झालं. टूरमध्ये जेवण होतं तरी आईने धपाटे आणि शेंगाचटणी आणलीच होती आणि ती सगळ्यांना वाटलीही. जेवता जेवता गाइडबाईंनी पिशवीतून कांगारूचा एक जबडा काढला, जुना, पांढरा पडलेला, आणि हातोहात फिरवला. खालचे पुढचे दोन दात आडवे, समोर रोखलेले, गवत कापायला. आणि मागे दाढांची रांग, त्यातल्या पुढच्या दाढा झिजून सपाट. कांगारूच्या दाढा आयुष्यभर हळूहळू पुढे सरकतात, पुढची झिजून पडते आणि मागची तिच्या जागी येते. गवतात वाळूचे कण असतात, दाढा झिजतातच, म्हणून ही सोय. शेवटची दाढ झिजली की चरणं अवघड होतं. मग त्या ब्रेडबद्दल बोलल्या. लोक कांगारूंना ब्रेड घालतात, चिप्स घालतात, गाजरं घालतात. मऊ, गोड, चिकट खाणं दातात अडकतं, हिरड्यांना इजा होते, जंतू जबड्याच्या हाडात जातात आणि जबडा सुजतो, हळूहळू प्राणी उपाशी मरतो. एकाच जागी खायला मिळतं म्हटल्यावर गर्दी होते आणि मग रोग पसरायलाही सोपं.

आणि माणसांनाही त्रास होतो. सिडनीच्या उत्तरेला मॉरिसेट नावाचं गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलच्या आवारात कांगारूंचा मोठा कळप राहतो. सोशल मीडियावर त्यांचे फोटो फिरले, बसेस भरून लोक जायला लागले, गाजरं घेऊन. २०१८ मध्ये तिथे पर्यटकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, लोकांना पोटावर, तोंडावर ओरखडे, टाके पडले. कांगारूला त्यात दोष देता येत नाही. माणूस आला की गाजर मिळतं हे त्याला शिकवलं, मग गाजर संपल्यावर तो मागणारच, आणि मागायची त्याची पद्धत म्हणजे पुढच्या हातांनी पकडणं आणि शेपटीवर भार टाकून लाथ मारणं. म्हणून ज्या टूरच्या जाहिरातीत मोकळ्या कांगारूंना भरवायचे फोटो असतील ती टूर घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या ग्रुपवर कुणी अशी लिंक टाकली तर त्यांनाही सांगा.

दुपार कलली तशी आम्ही डोंगराच्या कडेच्या मोकळ्या गवताकडे गेलो. आता ते उठलेले होते. हा दिवसातला खरा वेळ, उन्हं तिरपी झाल्यावर ते चरायला बाहेर येतात आणि रात्रभर चरतात. अख्खा मॉब, म्हणजे कळप, पसरला होता. त्यात माद्या जास्त, वेगवेगळ्या वयाची पिल्लं, आणि एक भलामोठा नर, उभा राहिला की माझ्यापेक्षा उंच. नर साठ-पासष्ट किलोपर्यंत जातो, मादी साधारण त्याच्या निम्मी. एका मादीच्या पिशवीतून डोकं बाहेर आलेलं होतं. आई वाकून गवत खात होती आणि पिल्लूही पिशवीतूनच, तिच्याबरोबर खाली जाऊन, तेच गवत खात होतं. दोघांची तोंडं एका जागी.

हे पिल्लू जन्माला येतं तेव्हा राजम्याच्या दाण्याएवढं असतं, एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. गर्भातले दिवस जेमतेम छत्तीस. डोळे नाहीत, कान नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. फक्त पुढचे दोन हात तयार असतात आणि त्या हातांनी ते आईच्या पोटाच्या केसांतून स्वतःच चढत चढत पिशवीत जातं. आई उचलून ठेवत नाही. आत गेल्यावर ते एका स्तनाला तोंड लावतं आणि तो स्तन तोंडात फुगतो, मग कित्येक महिने ते तिथेच. अकराव्या महिन्याच्या सुमाराला पिशवी कायमची सुटते, पण दूध पुढेही चालू राहतं, दीड वर्षाचं होईपर्यंत डोकं आत घालून पितं. आणि त्याच वेळी आत नवीन पिल्लू असलं तर आईच्या दोन स्तनांमधून दोन वेगळ्या प्रकारचं दूध येतं, मोठ्यासाठी वेगळं, बारक्यासाठी वेगळं. माझी आई हे ऐकून कितीतरी वेळ "काय बाई" एवढंच म्हणत राहिली. दोन मुलं वाढवलेल्या बाईचं ते "काय बाई" होतं, त्यात सगळं आलं.

बाबांनी मात्र तिथे जो प्रश्न विचारला तो त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा. मला म्हणाले, यांना विचार, इथले शेतकरी काय म्हणतात? आमच्याकडे काळवीट ज्वारीत शिरतात, रानडुकरं भुईमूग उकरतात, शेतकऱ्याला राग येतो आणि तो राग खोटा नसतो. गाइडबाईंनी उत्तर टाळलं नाही. इथेही तेच आहे. मेंढ्यांसाठी पेरलेलं कुरण, मेंढ्यांसाठी बांधलेली तळी, त्यामुळे ईस्टर्न ग्रे कांगारूंना सोयच झाली, ही जात धोक्यात नाही. शेतकरी सरकारकडून परवाना घेऊन त्यांना मारू शकतात, आणि २०१९ पासून व्हिक्टोरियात व्यापारी शिकारीलाही परवानगी आहे, सुपरमार्केटमध्ये कांगारूचं मांस मिळतं हे आपल्याला माहीतच आहे. यावर इथे कडाक्याचे वाद आहेत. कॅनबेराला तर शहराच्या आतल्या राखीव जागांमध्ये सरकारच त्यांची संख्या कमी करतं, कारण कांगारू जास्त झाले की गवत इतकं खाल्लं जातं की त्यातले छोटे सरडे, किडे, दुर्मिळ फुलं उरत नाहीत असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं. मला गोळ्या घालणं मान्य होत नाही, पण त्या गवतातल्या सरड्याचीही बाजू आहे हे नाकारता येत नाही, आणि अशा वेळी जागा वाढवणं हा एकच उपाय मला प्रामाणिक वाटतो. माझं मत म्हणून सांगितलं.

आणि जागाच कमी होतेय. आम्ही टार्नीटला राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेलबर्नच्या पश्चिमेचं हे उपनगर, आसपास सगळीकडे भारतीय, गणपतीची मूर्तीसुद्धा इथेच मिळते. आमची इस्टेट ज्या जमिनीवर आहे तो हाच माळ. तोच काळा दगड आमच्या बॅकयार्डात कुदळ मारली की लागतो. १८३५ मध्ये मेलबर्न वसलं आणि या माळांवर मेंढ्या आल्या, त्याआधी वाडावुरुंग लोक इथे ठरावीक वेळी गवत जाळायचे, नवीन हिरवं फुटलं की कांगारू चरायला यायचे आणि शिकार मिळायची, आणि बायका मुरनाँग नावाचे पिवळ्या फुलांचे कंद काठीने उकरून काढायच्या. मेंढ्यांनी ते कंद काही वर्षांत खाऊन संपवले. मग शेतं आली, आता घरं. मूळच्या गवताळ माळाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग उरलाय, २००८ मध्ये केंद्र सरकारने त्याला अतिधोक्यात असलेल्या अधिवासांच्या यादीत टाकलं. २०१० च्या सुमाराला शहराची हद्द वाढवताना राज्य सरकारने शब्द दिला होता की त्या बदल्यात पश्चिमेला १५,००० हेक्टर माळ २०२० पर्यंत विकत घेऊन राखीव करू. २०२० मध्ये राज्याच्या ऑडिटर जनरलने तपासलं तर घेतलेली जमीन साधारण १० टक्के. घरं झाली, आमचंही झालं, माळ राखायचं मात्र राहून गेलं.

बाबांना मी हे सगळं परतीच्या वाटेवर सांगत होते आणि ते म्हणाले की आमच्याकडे कागदावर माळाला पडीक म्हणतात. पडीक जमीन, म्हणजे कुणाच्या उपयोगाची नाही, म्हणजे द्या एमआयडीसीला, द्या सोलरला, लावा झाडं. झाडं लावणं सुद्धा माळाचा जीव घेतं, हे त्यांना शाळेच्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनंतर कधीतरी कळलं होतं, वनखात्यातल्या एका माणसाने समजावलं होतं की माळढोकला मोकळं रान लागतं, झाडीत तो राहत नाही. इथल्या माळावर जे मुख्य गवत आहे ना, त्याला कांगारू ग्रासच म्हणतात, थेमेडा त्याचं शास्त्रीय नाव, तेच गवत भारतातही उगवतं. गाइडबाईंनी त्याचं लालसर कणीस दाखवलं होतं आणि बाबांनी ते बोटात धरून ओळखलं होतं. फोटो काढायला सांगितला मला. कांगारूंचे इतके फोटो काढले आम्ही, पण बाबांच्या फोनवर त्या दिवसाचा एकच फोटो आहे आणि तो गवताचा आहे.

कांगारू मोकळे असले म्हणजे सुखात असतात असंही नाही. मेलबर्नच्या उत्तरेला साउथ मोरँग, मर्नडा या बाजूला घरं इतक्या भराभर वाढली की काही कळप मधेच अडकले, चारी बाजूंनी रस्ते आणि कुंपणं, जायला वाट नाही. ऑस्ट्रेलियात गाडी आणि प्राणी यांचे जे अपघात होतात त्यात सगळ्यात जास्त वेळा कांगारूच असतो, आणि ते बहुतेक संध्याकाळी किंवा पहाटे, म्हणजे नेमक्या चरायच्या वेळी. म्हणून स्वतःच्या गाडीने गेलात तर परत येताना अंधार पडत असेल तेव्हा वेग कमी ठेवा, एक कांगारू रस्ता ओलांडून गेला म्हणजे मोकळं झालं असं समजू नका, त्याच्यामागे दुसरा असतोच. आणि रस्त्याच्या कडेला मेलेली मादी दिसली तर, गाडी सुरक्षित उभी करता येत असेल तर, तिची पिशवी बघावी किंवा निदान प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करावा. आत पिल्लू जिवंत असू शकतं. ओढून काढायचं मात्र नाही, ते स्तनाला चिकटलेलं असतं, तोंडाला इजा होते. फोनवरचे लोक काय करायचं ते नीट सांगतात.

कुठली टूर घ्यावी असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. नाव सांगत नाही, पण बुक करायच्या आधी फोन करून विचारा की गटात किती माणसं असतात, आणि कांगारूंना खायला घालता का. मोठी बस असेल तर जाऊ नका, चाळीस माणसं तिरकी चालू शकत नाहीत. संध्याकाळपर्यंत थांबणारी टूर बघा, दुपारीच शहरात परत आणणारीत फक्त झोपलेले कांगारू दिसतील. गाइड कोआलासुद्धा दाखवतात, यू यांग्समध्ये ते आहेत, पण वर मान करून झाडात शोधायला लागतात, म्हणून वयस्कर माणसांच्या मानेचा विचार करा. फ्लिंडर्स पीकवर चढायला पायऱ्यांची चांगली वाट आहे आणि वरून बुंजिल दिसतो, या भागातल्या आदिवासींच्या श्रद्धेत सृष्टी घडवणारा गरुड, २००६ च्या कॉमनवेल्थ गेम्सच्या निमित्ताने दगड मांडून केलेला, पंखांचा पसारा शंभर मीटरचा. आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही वर गेलो नाही. ज्यांना अजिबात चालवत नाही त्यांच्यासाठी ग्रेट ओशन रोडवर अँगलसीच्या गोल्फ क्लबमध्ये गोल्फ कार्टमधून कांगारू दाखवतात, तिथले कांगारू माणसांना सरावलेले आहेत आणि मेलबर्न युनिव्हर्सिटीचे संशोधक त्यांचा बरीच वर्षं अभ्यास करतायत, कानात रंगीत बिल्ले दिसतात.

पिशवीतून डोकावणारी पिल्लं बघायची असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर या. डिसेंबर-जानेवारीत ऊन असतं, गवत वाळलेलं असतं, आगीच्या धोक्याच्या दिवशी पार्क बंदही ठेवतात. माझी मावशी सांगलीहून नाताळात येणार म्हणत होती, तिला मी तिकीट ऑक्टोबरचं काढायला लावलंय. बाबांनी तिला फोनवर बजावलंय की दुर्बीण घेऊन जा, आणि सेरेंडिपला गेलीस की आधी बस्टर्ड बघ, कांगारू काय नंतर दिसतीलच.